प्रतिकार, परतफेड आणि सूड

उलटून मारणे या एका कृतीसाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे मोजू लागले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. प्रतिकार करणे, प्रत्युत्तर देणे, प्रतिहल्ला चढवणे, परतफेड करणे, उसने फेडणे, हिशोब चुकता करणे, बदला घेणे, सूड घेणे किंवा उगवणे, वचपा काढणे, उट्टे काढणे; आणि घरगुती बोलीत नुसते उलटणे किंवा अरेला कारे करणे. एका कृतीला भाषेत इतकी नावे असतात, तेव्हा ती कृती मुळात एक नसते असे समजावे. कोळ्याचे काम 'मासा' एवढ्या एका शब्दावर भागत नाही, त्याला बोंबील, घोळ, रावस, मांदेली असे निरनिराळे म्हणावे लागते. त्यातलाच हा प्रकार.

इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले मात्र या सगळ्यांसाठी 'रिटॅलिएट' हे एकच क्रियापद पाठ करतात. त्याचा अर्थ वहीत 'सूड घेणे, प्रतिकार करणे, उलट हल्ला करणे' असा एका ओळीत लिहिला जातो आणि मधले स्वल्पविराम ही जणू बरोबरीची चिन्हे आहेत असे गृहीत धरले जाते. मुलांनाच दोष का द्यावा? वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरील वाहिन्या रोज हेच करीत आहेत. त्या स्वल्पविरामांविषयीच आम्हांला येथे लिहावयाचे आहे. आमचे म्हणणे असे की, प्रतिकार आणि सूड हे शब्द एकमेकांच्या जागी बसवले की वाक्य नुसते सैल होत नाही, ते खोटे होते. आणि त्या खोटेपणाचा भुर्दंड बहुतेक वेळा ज्याने आधीच मार खाल्ला आहे त्यालाच बसतो.

प्रथम प्रतिकार घेऊ. समजा, कोणी असे वाक्य लिहिले : "दोन दिवसांनी त्यांनी शेजाऱ्याच्या वाडीत शिरून केळी तोडली आणि आपल्यावरील अन्यायाचा प्रतिकार केला." व्याकरणाच्या पुस्तकाला या वाक्यात काही गैर सापडणार नाही. कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागच्या जागी आहे. तरीही मराठी कानाला ते खटकले पाहिजे. प्रतिकार दोन दिवसांनी होत नसतो. वार होत असताना तो होतो, त्या वारालाच होतो, आणि वार थांबला की त्याचे काम संपते. केळीने कोणाचे काही बिघडवले नव्हते. तिच्यावर कोयता चालला तो सूडाचा. आता दुसरे वाक्य पाहा : "गर्दीच्या गाडीत त्याने अंगचटीला येताच तिने त्याचा हात पिरगाळून सूड घेतला." येथे नेमके उलट झाले आहे. त्या मुलीने फक्त हात थांबवला. तिच्या कृतीला सूड म्हणणे म्हणजे तिच्या मनात आधीपासून काही शिजत होते असे सुचवणे होय. पहिल्या वाक्यात गुन्हेगाराला सभ्य कपडे चढवले गेले, दुसऱ्यात निरपराध मुलीच्या अंगावरचे उतरवले गेले. दोन्ही कामे एकाच चुकीच्या शब्दाने केली.

प्रतिकार या शब्दाचा खरा अर्थ मराठी घरांत कोणता आहे, हे २०२० सालच्या महामारीत साऱ्यांना पुन्हा ऐकू आले. काढ्यापासून लसीपर्यंत जिकडे तिकडे 'रोगप्रतिकारक शक्ती' हाच शब्द होता. रोग शरीरात शिरत असताना त्याला अडवणारी ती शक्ती. गोवर येऊन गेल्यावर शरीर गोवराचा सूड घेत नाही. गोवर पुन्हा दाराशी आलाच तर त्याला आत येऊ न देण्याची तयारी मात्र ते ठेवते. झालेले लक्षात ठेवणे आणि डूख धरणे यांतला फरक याहून चांगला कोणते शरीरशास्त्र शिकवील? संस्कृत वैद्यकातही प्रतिकार म्हणजे रोगावरचा इलाज.

येथे एखादा व्यासंगी वाचक आम्हांला अडवील आणि म्हणेल की, संस्कृतात 'प्रतीकार' हा शब्द वैर फेडण्याच्या अर्थानेही येतो. अमरकोशाने तर त्याला त्याच अर्थाच्या शब्दांच्या रांगेत बसवले आहे. हे खरे आहे. पण आमच्या मते मराठीची थोरवी येथेच दिसते. वारशात आलेल्या एका शब्दात इलाज आणि वैर असे दोन अर्थ एकत्र नांदत होते. मराठीने त्यांतला इलाज ठेवून घेतला आणि वैरासाठी सूड हा वेगळा शब्द चालवला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीतील 'पॅसिव्ह रेझिस्टन्स'साठी 'निःशस्त्र प्रतिकार' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला, तोही याच कारणाने. निःशस्त्र सूड असे कोणी म्हणून पाहावे. शब्द एकमेकांशेजारी उभेच राहत नाहीत.

महाडची गोष्ट येथे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथले पाणी घेतले. त्यानंतर हे लोक देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. मार खाणाऱ्यांच्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेली माणसे होती. उलटून मारणे त्यांना अशक्य नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. पुढे पोलिसांत तक्रार झाली, खटला चालला, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ साली निकालात निघाला. या सबंध घटनेत प्रतिकार होता की नव्हता? आम्ही म्हणू की तो पहिल्या ओंजळीपासून होता आणि शेवटच्या निकालापर्यंत होता. नव्हता तो सूड. ज्याला या दोन शब्दांत भेद करता येत नाही, त्याला महाडचे वर्णन एकतर 'त्यांनी काहीच केले नाही' असे करावे लागेल किंवा 'त्यांनी खोड काढली' असे. दोन्ही वर्णने आजही कधी कधी ऐकू येतात.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ३४ ते ४४ मध्ये आली आहे. तेथे दोन अटी आहेत. धोक्याची रास्त भीती असेल तोवरच हा हक्क असतो, आणि बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. कधीपर्यंत आणि किती, हे दोन प्रश्न कायदा विचारतो. आमच्या आज्यांना कलमे पाठ नव्हती, पण 'हात धर त्याचा, पण वर आणखी मारू नकोस' हे सांगताना त्या हेच दोन प्रश्न विचारीत असत.

आता सूडाच्या गोतावळ्याकडे वळू. या शब्दांचे मूळ पाहिले तर एक नवल दिसते. यांतले बहुतेक शब्द रणांगणावरून आलेले नाहीत. ते सावकाराच्या चोपडीतून आले आहेत. परतफेड कर्जाची होते. उसने फेडतात ते साखरेचे नाहीतर पिठाचे. हिशोब चुकता करतात तो वाण्याचा. 'सूड उगवणे' यातले उगवणे पाहून आपल्याला वाटते की सूडाला कोंब फुटतो. चित्र सुरेख आहे, पण जुन्या मराठीत उगवणे म्हणजे गुंता सोडवणे आणि येणे वसूल करणे असाही अर्थ होता, आणि सूड उगवणे हे त्या वसुलीच्या वाटेवरचे आहे. बदला हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा सख्खा भाऊ मोबदला. एकाला आपण घाबरतो आणि दुसऱ्यासाठी सरकारी कचेरीत खेटे घालतो, पण घर एकच. लॅटिनमध्येही तेच : 'रिटॅलिएट' ज्या शब्दावरून आला तो तालिओ, म्हणजे जशाला तसे भरून देणे; त्याचे नाते तालिस, म्हणजे 'तसा', या शब्दाशी जोडले जाते. मराठीचे 'जशास तसे' त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

फेडण्याच्या या भाषेत एक धोका दडलेला आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर परत देताना वाटी शिगोशीग भरून द्यावी, अशी आपल्याकडे रीत आहे. कमी दिले तर लाज वाटते. चांगल्या देण्याघेण्यात ही रीत शोभते. पण तीच रीत मारामारीत आली की काय होते? एका थपडेची वाटी परत जाते तेव्हा ती दोन थपडांनी भरलेली असते. वृत्तपत्रांनी तर यासाठी 'सव्याज परतफेड' असा ठेवणीतला शब्दप्रयोगच करून ठेवला आहे आणि क्रिकेटच्या पानापासून निवडणुकीच्या पानापर्यंत तो कौतुकाने वापरला जातो. आम्हांला तो कधीच रुचला नाही. जुन्या करारात डोळ्याबद्दल डोळा हा नियम निर्गम, लेवीय आणि अनुवाद या तीन ग्रंथांत येतो आणि आज आपण त्याला क्रौर्याचा नियम समजतो. पण तो मुळात व्याजबंदीचा नियम आहे. त्याआधी उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की, आपल्याला नुसती जखम करणाऱ्याला आपण ठार केले आणि आपला सूड सत्याहत्तर पटींनी घेतला जाईल. त्या सत्याहत्तर पटींवरून एका पटीवर येणे ही केवढी मजल! दरोडेखोरीतून न्यायाकडे टाकलेले ते पाऊल होते. 'सव्याज परतफेड' लिहिणारा लेखक नकळत लामेखाच्या अंगणात जाऊन उभा राहतो.

वचपा आणि उट्टे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन्ही काढायचे असतात, घ्यायचे नसतात. 'वचपा घेतला' असे लिहिणाऱ्याने तो शब्द फक्त वाचलेला असतो, ऐकलेला नसतो. दोन्हींत थोडा खेळकरपणा आहे. गेल्या वर्षीच्या पराभवाचा वचपा यंदा काढला, हे नाताळातल्या क्रिकेट स्पर्धेच्या बातमीत छान दिसते. मुडद्यांच्या बातमीत मात्र 'वचपा' दिसला की आमच्या अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसांची धावसंख्या लिहिल्यासारखे ते वाटते.

सूड या शब्दाच्या विभक्तीत मोठी गंमत आहे; गंमत म्हणण्यापेक्षा खोच म्हणू. "त्याने भावाचा सूड घेतला" या वाक्याचा अर्थ काय? भावाला कोणी मारले होते म्हणून याने मारणाऱ्याला मारले, की भावानेच याचे काही वाईट केले होते म्हणून याने भावाला मारले? मराठीत दोन्ही अर्थ होतात. षष्ठीचा एकच 'चा' ज्याच्यासाठी सूड घेतला त्यालाही लागतो आणि ज्याच्यावर घेतला त्यालाही. म्हणून जपून लिहिणारे लेखक 'भावाच्या खुनाचा सूड' किंवा 'भावावर सूड उगवला' असे उलगडून लिहितात. पहिल्यात कारण सांगितले जाते, दुसऱ्यात निशाण. रोजच्या बोलण्यात आपण हे उलगडत नाही आणि तेथून घोटाळा सुरू होतो. कारण सूड घेणाऱ्याच्या मनातही बहुधा हाच घोटाळा असतो. कशासाठी घ्यायचा हे त्याला पक्के ठाऊक असते, कोणावर घ्यायचा हे नसते. जो समोर सापडेल तो.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. त्याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले : इतिहासाचा विपर्यास म्हणून, ब्राह्मणांची बदनामी म्हणून, सत्तेचा खेळ म्हणून. आम्ही ते या विभक्तीच्या अंगाने वाचून पाहावे असे सुचवतो. परगावाहून पुण्यात आलेल्या घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मार बसतो, त्याची विटंबना होते. त्या क्षणी प्रतिकार करण्याचे बळ त्याच्यापाशी नाही. मग तो शपथ घेतो, आणि शपथ घेताना आपल्याला मारणारे ते चार हात त्याच्या डोळ्यांसमोर राहत नाहीत; सारे पुणे उभे राहते. कारण पक्के, निशाण धूसर. कोतवाली मिळवण्यासाठी तो आपली मुलगी नानाच्या हवाली करतो. म्हणजे ज्या अपमानाचा सूड घ्यावयाचा त्याहून मोठा अपमान तो स्वतःच आपल्या घरात ओढवून घेतो. शेवटी जमाव त्याला दगडांनी मारतो, तेव्हा त्या जमावालाही वाटत असते की आपण वचपा काढतो आहोत. आणि ज्याने त्याला कोतवाल केले तो नाना मात्र सुखरूप राहतो. नाटकातल्या प्रत्येक हिंसेला कारण आहे आणि एकीचेही निशाण बरोबर नाही. तेंडुलकरांनी घाशीरामाला क्षमा केली नाही आणि त्याच्यावरचा पहिला अन्याय आपल्याला विसरूही दिला नाही, हे त्या नाटकाचे बळ आहे. ज्यांना त्यात केवळ एका जातीची निंदा दिसली, त्यांनी नाटक पुन्हा एकदा वाचावे असे आम्हांला वाटते.

सूड या शब्दाची दुसरी खोच याहून गंभीर आहे. सूड म्हटले की आधी काही अपराध घडला होता हे वाक्यात आपोआप मान्य होते. 'अमुकाचा सूड' यातले 'अमुक' हे दुष्कृत्यच असावे लागते. उपकाराचा सूड कोणी घेत नाही. आता वृत्तपत्रांतले एक मथळ्याचे वळण पाहा : 'नकाराचा सूड'. एखादी मुलगी एखाद्या तरुणाला नाही म्हणते आणि तो तिच्यावर आम्ल फेकतो किंवा तिला जाळतो. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळण्यात आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता; त्यानंतरही अशा घटना थांबल्या नाहीत. २०१३ साली कायद्यात आम्लहल्ल्यासाठी स्वतंत्र कलमे घालावी लागली. कायदा बदलला, मथळ्याचे वळण मात्र तसेच राहिले. नाही म्हणणे हा अपराध आहे काय? नसेल, तर त्याचा सूड कसा होईल? ज्याचे काही घेणेच नव्हते, त्याने वसुली केली असे कसे लिहावे? हा निव्वळ हल्ला आहे आणि त्याला हल्ला एवढेच म्हणावे. 'नकाराचा सूड' असे लिहिणारा मथळेकार त्या तरुणाच्या खतावणीत त्याच्या वतीने नोंद करतो की, होय, मुलीकडे याचे काही येणे होते. त्या घरातल्या आईबापांनी दुसऱ्या दिवशी तो मथळा वाचायचा असतो.

प्रत्युत्तराची गोष्ट थोडी निराळी. हा मुळात जिभेचा शब्द, उत्तराला दिलेले उत्तर. पत्राला उलट टपाली उत्तर यावे तसे. सीमेवरच्या बातम्यांनी त्याला बंदूक दिली आणि 'चोख प्रत्युत्तर' ही जोडगोळी तयार झाली. चोख सोने असते, चोख हिशोब असतो. गोळीबार चोख कसा असतो हे लिहिणाऱ्यांना ठाऊक. तरी निदान प्रत्युत्तर शब्दात आधी दुसऱ्या बाजूने काही आले होते हे तरी राहते. हिंदी वाहिन्यांवरून आलेल्या 'पलटवार'मध्ये तेही राहत नाही. तेथे वार आणि पलटवार ही दोन्ही करमणूक होते आणि सभेतले भाषण, रुग्णालयातले प्रेत, अर्थसंकल्पावरची टीका साऱ्यांना तोच शब्द पुरतो. 'प्रतिशोध' हाही तिकडूनच आला. मराठीत शोध म्हणजे हरवलेले धुंडाळणे. प्रतिशोध ऐकून मराठी मुलाला वाटावे की कोणी काही हरवले असून दुसरा कोणी ते उलट बाजूने शोधीत आहे. आपल्याकडे सूड हा दोन अक्षरी शब्द असताना हा पाहुणा कशासाठी?

आता घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ, कारण या क्रियापदांचा सर्वांत जास्त वापर तेथे होतो आणि सर्वांत जास्त गैरवापरही. 'उलटून बोलणे' हा शब्द ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठे झाले नसेल. पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही, हे कोणी पाहिले आहे काय? बाप मुलाला उलटून बोलत नाही, सासू सुनेला उलटून बोलत नाही, मालक गड्याला उलटून बोलत नाही. उलटून बोलतात ते मूल, सून आणि गडी. या क्रियापदाला कर्ता नेहमी खालच्या पायरीवरचा लागतो. आणि खालच्या पायरीवरून विचारलेला साधा प्रश्नही त्यात गणला जातो. "मी काय केले?" एवढे मुलाने विचारले की तो उलटून बोलला. प्रश्न हा वार नव्हे, तरी भाषा त्याला वाराच्या खात्यात टाकते आणि मग त्या 'वारा'ला उत्तर म्हणून दुसरी चपराक देणे मोठ्यांना सोपे जाते. आमच्या कथालेखकांनी घरगुती संवाद लिहिताना हे क्रियापद फार सहज वापरले आहे. 'सून उलटून बोलली' एवढे निवेदनात आले की वाचकाने तिच्याविरुद्ध मत बनवावे अशी अपेक्षा असते. ती नेमके काय बोलली हे पुष्कळ कथांत लिहिलेलेच नसते. ते वाक्य लिहून पाहावे. निम्म्या वेळा तिच्या तोंडी केवळ एक प्रश्न निघेल.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात असाच एक प्रश्न आहे. प्रमुख याजकापुढे येशूची चौकशी चालू असता शेजारी उभा असलेला एक शिपाई त्याला चपराक मारतो, आणि मारण्याचे कारण हेच की तू प्रमुख याजकाला असे उत्तर देतोस काय! म्हणजे शिपायाच्या लेखी येशू उलटून बोलला होता. येशू हात उचलत नाही. पण तो गप्पही बसत नाही. आपले बोलणे चुकीचे असेल तर चूक दाखव, आणि बरोबर असेल तर मारलेस का, असे तो शिपायाला विचारतो. गालावर वळ असलेल्या माणसाने शांतपणे विचारलेला हा प्रश्न आमच्या व्याकरणात कोणत्या क्रियापदाखाली बसतो? तो सूड नाही, परतफेड नाही, वचपा नाही. तो प्रतिकार आहे, आणि शब्दशः प्रत्युत्तरही आहे. त्याच्या शेजारी प्रेषितांच्या कृत्यांचा तेविसावा अध्याय ठेवावा. तेथे पौलाला तोंडावर मारण्याचा हुकूम प्रमुख याजक हनन्या देतो, आणि पौल ताडकन त्याला चुना लावलेली भिंत म्हणतो, देव तुला मारील असे ऐकवतो. समोरचा प्रमुख याजक आहे हे कळल्यावर तो शब्द आवरतो. पौल उलटला, आणि आम्हांला तो त्यामुळे काही कमी आवडतो असे नाही. पण दोन्ही प्रसंगांचे वर्णन एकाच क्रियापदाने करणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या हाती काय लागेल?

हा प्रश्न आमच्या उपासनेपर्यंत येऊन पोचतो. 'अ' वर्षातील सामान्य काळाच्या सातव्या रविवारी पहिले वाचन लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातले असते आणि शुभवर्तमान मत्तयच्या पाचव्या अध्यायातले. २०२३ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, ही दोन्ही वाचने आपल्या चर्चमध्ये झाली. पहिल्या वाचनात आपल्या लोकांचा सूड घेण्यास आणि त्यांच्याविषयी मनात अढी धरण्यास मनाई आहे. तेथे शब्दाविषयी शंका नाही. शुभवर्तमानात दुसरा गाल पुढे करण्याच्या वाक्याआधी जे ग्रीक क्रियापद येते, त्याची घडण 'विरुद्ध उभे राहणे' अशी आहे, आणि बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ते बऱ्याचदा शत्रूला शस्त्रानिशी तोंड देण्याच्या प्रसंगी येते. प्रचलित मराठी भाषांतराने येथे 'अडवणे' हा शब्द घेतला आहे. व्यासपीठावरून बोलताना मात्र त्याचा हमखास 'प्रतिकार' होतो, आणि श्रोते घरी जातात ते असे समजून की, चांगल्या माणसाने कशालाही विरोध करू नये. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची बायको हे प्रवचन ऐकत बाकावर बसलेली असते. वाडीवर अतिक्रमण झालेला शेतकरीही बसलेला असतो.

भाषांतरकाराने काय करावे, हा कठीण प्रश्न आहे आणि त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आमची शिफारस एवढीच की, मत्तयच्या त्या ओळीसाठी 'उलटून वार करणे' हे साधे बोलीतले क्रियापद कोणीतरी एकदा योजून पाहावे. त्यात शस्त्राचा वास आहे, हाताची हालचाल आहे, आणि पुढे येणाऱ्या गालाशी ते जुळतेही. 'अडवणे' फार रुंद आहे. पुराच्या पाण्यालाही आपण अडवतो आणि त्याबद्दल कोणी आपल्याला दोष देत नाही. 'सूड' योजला तर पहिल्या वाचनाचीच पुनरुक्ती होईल आणि शुभवर्तमान त्याहून जे पुढचे सांगते ते हरवेल. आणि 'प्रतिकार' हा शब्द, त्याने मराठीत जो इलाजाचा अर्थ मोठ्या कष्टाने मिळवला आहे तो पाहता, या मनाईच्या वाक्यात घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हीच वाचने दर तीन वर्षांनी 'अ' वर्षात त्या रविवारी ठेवलेली असतात. मात्र काही वर्षी उपवासकाळ लवकर आल्यामुळे तो रविवार पंचांगात येतच नाही. वाचकांना आणि प्रवचनकारांना शब्द निवडून ठेवायला वेळ पुष्कळ आहे.